खुज्या नाकतोड्यांचे वर्गीकरण : लक्षण, ओळख आणि नाव

१

प्राण्यांचे वर्गीकरण हा प्राणिशास्त्राचा प्रांत मानला जातो व ते योग्यच आहे. तथापि वर्गाचे लक्षण सांगणे, त्या लक्षणात काय बसते व काय बसत नाही ते ठरविणे आणि वर्गास नाव देणे, या तिन्ही क्रिया भाषेच्या आश्रयानेच घडतात. त्या निर्दोष घडल्या आहेत किंवा नाहीत, हे तपासण्याचा अधिकार भाषाभ्यासकासही पोहोचतो. टेट्रिजिडी या कीटककुलाच्या वर्गीकरणाची अशी तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे कुल निवडण्याचे कारण असे की, त्यातील कीटक शरीराने लहान, रूपाने फसवे आणि आवाजाने मुके आहेत. वर्गीकरणकाराला येथे शरीररचनेवाचून दुसरा आधार फारसा मिळत नाही. म्हणून शरीररचनेवर आधारलेल्या लक्षणांचे बळ आणि त्यांच्या मर्यादा ही दोन्ही येथे जितकी स्पष्ट दिसतात, तितकी इतरत्र क्वचितच दिसतील.

मराठीत या कीटकांना स्वतंत्र नाव रूढ नाही. ‘नाकतोडा’ आणि ‘टोळ’ या दोन शब्दांतच त्यांचा समावेश होतो. पुष्कळदा तर पिकातल्या मोठ्या नाकतोड्याचे पिल्लू म्हणून ते दुर्लक्षिलेच जातात. ‘खुजा नाकतोडा’ ही संज्ञा येथे केवळ सोयीसाठी योजिली आहे. हे कीटक बहुधा एक सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे असतात. ओलसर मातीवर राहणे, शेवाळ, हरिता व कुजका पाला खाणे आणि चाहूल लागताच मातीच्याच रंगात मिसळून जाणे, हा त्यांचा सर्वसाधारण जीवनक्रम होय. वऱ्हाडात अमरावती–परतवाडा रस्त्यावरील वलगाव हे गाव गाडगेमहाराजांच्या देहावसानामुळे (२० डिसेंबर १९५६) सर्व महाराष्ट्राला परिचित आहे. तेथील पेढी नदीच्या काठासारख्या, पावसाळ्यानंतर ओल धरून राहणाऱ्या काळ्या मातीच्या जागा अशा कीटकांच्या शोधास योग्य होत. एखाद्या विद्यार्थ्याने वर्गीकरणाची सारणी हाती घेऊन अशा काठावर बसावे आणि समोरचा कीटक कोणता हे ठरवू पाहावे, अशी कल्पना करावी. पुढील विवेचनात जो प्रश्न उभा राहतो, तो या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे.

२

लक्षणाची परीक्षा कशी करावी, याचे शास्त्र भारतीय न्यायदर्शनाने फार पूर्वी घालून दिलेले आहे. लक्षणाचे दोष तीन : अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. गाईचे लक्षण ‘कपिल वर्ण’ असे केले, तर इतर रंगांच्या गाई वगळल्या जातात, ही अव्याप्ति. ‘शिंगे असणे’ असे केले, तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ति. ‘खूर दुभंगलेला नसणे’ असे केले, तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’च्या परंपरेत विद्यार्थ्यांना हीच उदाहरणे शिकविली जातात. वेदान्ताने यात आणखी एका भेदाची भर घातली आहे. वस्तूचे स्वरूप सांगणारे ते स्वरूपलक्षण आणि वस्तू केवळ ओळखू येण्यास साहाय्य करणारे ते तटस्थलक्षण. अमुक घर कोणते, असे विचारल्यावर ‘ज्यावर कावळा बसला आहे ते’ असे उत्तर दिले, तर घर ओळखता येते. पण कावळा हा घराचा धर्म नव्हे. कीटकांच्या वर्गीकरणात कावळ्याला घराचा धर्म मानण्याचा मोह वारंवार होतो, हे पुढे दिसून येईल.

प्रथम कुलाचे लक्षण घ्यावे. खुज्या नाकतोड्याच्या वक्षाचा जो पहिला खंड, त्याच्या पाठीवरील कवच मागे वाढत जाऊन उदराच्या टोकापर्यंत व कित्येकदा त्याच्याही पलीकडे पोहोचते. या भागाला येथे ‘पृष्ठकवच’ म्हटले आहे. सामान्य नाकतोड्यात हे कवच मानेमागे खोगिरासारखे थांबते आणि उदर झाकण्याचे काम पुढचे पंख करतात. खुज्या नाकतोड्यात पुढचे पंख आकसून दोन लहान खवल्यांएवढे उरतात. मागचे पंख असले तर ते कवचाखाली घडी घालून ठेवलेले असतात. याशिवाय पुढच्या व मधल्या पायांच्या पावलांना दोन खंड आणि मागच्या पावलांना तीन खंड असतात. सामान्य नाकतोड्यात सर्व पावले त्रिखंडी असतात. नख्यांच्या मध्ये असणारी गादी येथे नसते. वक्षाचा तळभाग पुढे येऊन तोंडाच्या खालच्या बाजूला गळपट्ट्यासारखा भिडतो. श्रवणेंद्रिय नसते, पाय पंखावर घासून आवाज काढण्याची सोयही नसते.

यांतील प्रत्येक धर्म सुटा घेतला तर त्याविरुद्ध आक्षेप काढता येईल. मातीत बिळे करून राहणारे ट्रायडॅक्टिलिडी कुलातील कीटकही ओल्या काठांवर आढळतात व आकाराने तितकेच लहान असतात. त्यांच्याही पुढच्या व मधल्या पावलांना दोनच खंड असतात. केवळ त्या खंडांवर विसंबणाऱ्याची तेथे अतिव्याप्ति होईल. पण त्यांच्या मागच्या पावलाला एकच खंड असतो किंवा तो अजिबात नसतो, आणि पृष्ठकवच उदरावर गेलेले नसते. म्हणजे धर्मांचा समुच्चय घेतला की अतिव्याप्ति नाहीशी होते. कुलाचे लक्षण भक्कम आहे याचे कारण हेच, की ते एका धर्मावर उभे नाही. परस्परांशी कार्यकारणाने न जोडलेले चार-पाच धर्म एकाच प्राण्यात एकत्र येतात, तेव्हा ते योगायोगाने आले असे म्हणणे कठीण होते.

३

कुलाच्या आत शिरल्यावर ही स्थिती पालटते. १७५८ साली लिनियसने या कीटकांना ‘ग्रिलस’ या विशाल प्रजातीच्या ‘बुला’ नामक विभागात ठेविले होते व त्यातील ‘सुबुलाटस’ आणि ‘बायपंक्टाटस’ या दोन जाती सांगितल्या होत्या. रांबूरने १८३८ मध्ये कुल वेगळे केले. परंतु कुलाच्या अंतर्विभागणीचा खरा पाया घातला तो माद्रिदचे कीटकशास्त्रज्ञ इग्नासियो बोलिव्हार यांनी. १८८७ मध्ये बेल्जियमच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या वार्षिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाने या कुलाला सुव्यवस्थित गट दिले. आज मान्य असलेल्या अनेक उपकुलांची नावे त्या गटांवरून आली आहेत. हॅन्कॉक या अमेरिकन अभ्यासकाने १९०७ मध्ये जगातील प्रजातींचा आढावा घेऊन तीच चौकट पुढे चालविली. भारताच्या दृष्टीने त्यांचे काम विशेष महत्त्वाचे आहे. कारण १९१२ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेच्या संग्रहावर आणि १९१५ मध्ये कोलकात्याच्या इंडियन म्यूझियमच्या नियतकालिकात त्यांनी भारतीय जातींवर लिहिले. कर्बी यांचा ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या मालेतील नाकतोड्यांवरील खंड १९१४ चा.

या चौकटीतील प्रमुख गटांची लक्षणे तपासून पाहावीत. बॅट्रॅकिडिनी या उपकुलात पुढच्या मांडीच्या वरच्या कडेवर लांबट खोबण असते आणि शृंगिकांच्या खंडांची संख्या इतर गटांहून अधिक असते. मांडीची खोबण आणि शृंगिकांचे खंड यांचा एकमेकांशी जीवनक्रमाच्या दृष्टीने काही संबंध लागत नाही. दोन असंबद्ध धर्म सातत्याने एकत्र आढळावेत, हे या गटाचे बळ होय. सेलिमेनिनी या गटाचे मुख्य चिन्ह पृष्ठकवचाच्या बाजूच्या पाळीवरील काटा हे मानले गेले. ‘सेलिमेना’ ही प्रजाती ओढ्याकाठच्या दगडांवर राहणारी; तिच्या मागच्या पायांच्या नळ्या व पावले रुंदावलेली असतात व ती पाण्यात सहज पोहते. पण काटा हेच लक्षण धरले, तर क्रायोटेटिक्स, युक्रायोटेटिक्स, थोराडोंटा या प्रजाती आत घ्यावयाच्या की बाहेर ठेवावयाच्या, हा वाद उभा राहतो. या प्रजातींची जागा वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगवेगळी ठरविली आहे, ती याच कारणाने. मेट्रोडोरिनी आणि टेट्रिजिनी यांच्यामधील सीमा तर पाळीचे टोक खाली वळले आहे की बाहेर, आणि मागच्या पावलाच्या पहिल्या व तिसऱ्या खंडांच्या लांबीचे प्रमाण काय, अशा मोजमापांवर उभी आहे. ‘किंचित्’, ‘जवळजवळ समान’, ‘थोडासा लांब’ अशी विशेषणे ज्या लक्षणात शिरतात, त्यात वर्गाची सीमा वस्तूत नसून वर्णन करणाराच्या शब्दांत असण्याचा संभव फार.

क्लॅडोनोटिनी या गटाची कथा अधिक बोधप्रद आहे. पंखांचा लोप आणि चेहऱ्यावर शृंगिकांच्या मधल्या कण्याला फुटलेल्या दोन शाखांमधील पट्टी रुंद असणे, ही त्याची चिन्हे मानण्यात आली. यातील पहिले चिन्ह ‘नसणे’ या स्वरूपाचे आहे. अभावावर वर्ग उभारणे सोपे असते. कारण अभाव कोठेही आढळतो. जंगलातील पाल्यात राहणाऱ्या अनेक वंशांनी पंख स्वतंत्रपणे गमावले असतील, तर त्या सर्वांना एका घरात कोंबणे म्हणजे एकाच गावी आलेल्या परक्यांना एका आडनावाने हाक मारण्यासारखे आहे.

४

सर्वांत गंभीर अडचण जातीच्या पातळीवर येते, आणि तेथेच पेढीकाठच्या विद्यार्थ्याचा प्रश्न उभा राहतो. खुज्या नाकतोड्यांच्या पुष्कळ जातींत एकाच जातीची दोन रूपे असतात : एकाचे पृष्ठकवच व मागचे पंख लांब, दुसऱ्याचे दोन्ही आखूड. एकाच आईची पिल्ले या दोन्ही रूपांची निघू शकतात. पृष्ठकवचाची लांबी डोळ्यांत प्रथम भरत असल्यामुळे जातीच्या लक्षणात तिला अग्रस्थान मिळाले, आणि तिच्यावरून एका जातीच्या दोन जाती करण्याचे प्रमाद घडले. येथे लांबीचे लक्षण अव्याप्तिदुष्ट आहे; कारण ते जातीच्या अर्ध्या व्यक्तींना वगळते. त्याच वेळी ते अतिव्याप्तिदुष्टही आहे; कारण निरनिराळ्या जातींच्या आखूड रूपांना ते एकत्र आणते. एकाच लक्षणात दोन्ही दोष नांदण्याचे याहून चांगले उदाहरण न्यायाच्या अध्यापकालाही सापडणे कठीण.

रंगाची गोष्ट अशीच. पाठीवर पांढरा पट्टा असलेला, दोन काळे ठिपके असलेला, सरसकट तपकिरी असलेला, असे खुजे नाकतोडे एकाच जागी मिळतात व अननुभवी डोळ्याला ते चार जातींचे वाटतात. अमेरिकेतील कॅन्ससचे नेबर्स यांनी १९१४ पासून पॅराटेटिक्स या प्रजातीच्या संकरांवर दीर्घकाळ काम करून दाखविले, की हे रंगनमुने मेंडेलच्या नियमांनी वंशपरंपरेत उतरतात आणि एकाच जातीच्या पोटात नांदतात. म्हणजे न्यायाच्या विद्यार्थ्याला शिकविलेला कपिल गाईचा दाखला येथे अक्षरशः खरा ठरला. रंग हे जातीचे लक्षण नव्हे.

तिसरा सापळा वयाचा. अपूर्ण वाढीचे पिल्लू आणि आखूड कवचाचा प्रौढ यांत गल्लत होते. येथे मात्र शरीररचना निःसंदिग्ध उत्तर देते. प्रौढाच्या पृष्ठकवचाच्या बाजूच्या पाळीच्या मागल्या कडेला दोन खाचा असतात व वरच्या खाचेत पुढच्या पंखाचा खवला बसतो. पिल्लात ही वरची खाच नसते. हे लक्षण लहान आहे, भिंगाशिवाय दिसत नाही. पण ते प्रमाणाचे नसून असण्यानसण्याचे आहे व पंखाच्या वाढीशी त्याचा कार्यकारणसंबंध आहे. डोळ्यांत भरणारे लक्षण फसवे आणि शोधून काढावे लागणारे लक्षण विश्वसनीय, असा अनुभव या कुलात पुनःपुन्हा येतो.

रातकिड्यांत व झुडपांत गाणाऱ्या लांबशिंग्या नाकतोड्यांत जाती ओळखण्यास नराचे गाणे साहाय्य करते. येथे ते साधन नाही. एका युरोपीय जातीत जमिनीतून जाणाऱ्या कंपनांद्वारा होणारा संकेतव्यवहार २०१० मध्ये नोंदविला गेला. तेव्हा मुकेपणाविषयीची जुनी विधानेही मर्यादेने वाचली पाहिजेत. तथापि संग्रहालयातील वाळलेल्या नमुन्याजवळ कंपन नसते. तेथे शरीररचनेलाच बोलते करावे लागते.

५

हीच अडचण बोलींच्या वर्गीकरणात शतकभर अनुभवास आली आहे. वऱ्हाडीचे ठळक चिन्ह कोणते, असे विचारल्यास ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे हे उत्तर तत्काळ मिळते : काळा – काया, डोळा – डोया. वलगावच्या बाजारात हा उच्चार सहज ऐकू येतो. पण हे लक्षण धरले तर खानदेशची अहिराणीही वऱ्हाडीच्या घरात येते, कारण तिच्यातही ‘डोया’ आहे. आणि वलगावचाच, शाळेत ‘ळ’ रुळलेला मनुष्य मात्र वऱ्हाडीबाहेर पडतो. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात वऱ्हाडी मराठीच्या सातव्या खंडात (१९०५) घेतली आणि खानदेशी मात्र भिल्ली बोलींबरोबर नवव्या खंडात (१९०७) ठेविली. त्याचा हा निर्णय सर्वांना मान्य झालेला नाही. तरी एका उच्चारावरून दोन बोली एकत्र करता येत नाहीत, हे त्याने ओळखले होते यात संशय नाही.

यातून सुटण्याचा मार्ग ऐतिहासिक भाषाशास्त्राने १८७६ मध्येच सांगितला. लेस्कीन यांनी असे प्रतिपादन केले, की दोन भाषांचे निकटचे नाते त्यांनी जपलेल्या जुन्या समान धर्मांवरून सिद्ध होत नाही. ते त्यांनी मिळून केलेल्या नव्या बदलांवरून सिद्ध होते. मराठी आणि गुजराती या दोघींत तीन लिंगे आहेत; पण ती संस्कृतापासून आलेली ठेव आहे. तेवढ्यावरून त्या सख्ख्या बहिणी ठरत नाहीत. हिंदी आणि फ्रेंच या दोघींनी नपुंसकलिंग गमावले. पण ते त्यांनी स्वतंत्रपणे गमावले. म्हणजे जुनी ठेव आणि स्वतंत्र लोप ही दोन्ही नात्याची दुर्बल प्रमाणे होत. जीवशास्त्रात हाच विचार जर्मन कीटकशास्त्रज्ञ हेनिग यांनी १९५० मध्ये सुसंगत रीतीने मांडला व तेव्हापासून वर्गीकरणाची कसोटीच बदलली.

ही कसोटी खुज्या नाकतोड्यांना लावली असता काय निष्पन्न होते? पूर्ण वाढलेले मागचे पंख ही ठेव आहे; त्यावरून टेट्रिजिनी हा गट बांधता येत नाही. पंख नसणे हा वारंवार घडू शकणारा लोप आहे. त्यावरून क्लॅडोनोटिनी बांधता येत नाही. बाजूचा काटा हा नवा धर्म खरा. पण तो एकदाच आला की अनेकदा, हे अन्य धर्मांच्या साक्षीवाचून सांगता येत नाही. एकविसाव्या शतकातील जनुकीय अभ्यासांनी हेच पुढे आणले आहे. बॅट्रॅकिडिनी हा गट त्या कसोटीला उतरला. टेट्रिजिनी, मेट्रोडोरिनी, सेलिमेनिनी आणि क्लॅडोनोटिनी हे गट जुन्या अर्थाने एकवंशी असल्याचे दिसत नाही, आणि प्रजातींची पुनर्मांडणी आजही चालू आहे. लक्षणांच्या तार्किक परीक्षेत जो गट बळकट ठरला तोच वंशाच्या परीक्षेत टिकला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

याचा अर्थ शरीररचना निरुपयोगी ठरली असा काढणे चूक होईल. सुमारे २,००० ज्ञात जातींपैकी बहुसंख्य जातींची नावे वाळलेल्या नमुन्यांना जोडलेली आहेत, आणि त्या नमुन्यांशी नवा नमुना ताडून पाहण्याचा मार्ग शरीररचनेतूनच जातो. बोलिव्हार व हॅन्कॉक यांचा दोष त्यांच्या निरीक्षणात नव्हता. ती निरीक्षणे अजूनही उपयोगी पडतात. ओळखण्यासाठी केलेल्या सारण्या त्यांच्यामागून येणाऱ्यांनी वंशवृक्ष म्हणून वाचल्या, हा खरा दोष. सारणीतील चिन्ह तटस्थलक्षण असते. त्याने घर सापडावे एवढीच अपेक्षा रास्त. त्याने घराचा वंश सांगावा ही अपेक्षा अयोग्य.

६

आता नावांविषयी. बोलिव्हार, हॅन्कॉक व कर्बी यांनी ‘-टेटिक्स’ या उत्तरपदाने प्रजातींची एक मालिकाच उभी केली : पॅराटेटिक्स, हेडोटेटिक्स, कॉप्टोटेटिक्स, युपॅराटेटिक्स, एर्गाटेटिक्स. ग्रीक भाषेत ‘टेटिक्स’ म्हणजे झाडावर गाणारा, ज्याच्या स्वराची कवींनी स्तुती केली तो कीटक. ते पद श्रवणेंद्रियही नसलेल्या, मातीवर राहणाऱ्या कीटकास चिकटले. ‘युपॅराटेटिक्स’ या नावात तर ‘जवळचा’ आणि ‘खरा’ असे दोन उपसर्ग एकावर एक चढले आहेत. नाव अशा रीतीने लांबू लागले, की वर्णनशक्ती संपून केवळ क्रम उरतो. याउलट ‘क्लॅडोनोटस’ (पाठीवर फांदी असलेला) व ‘ट्रायपेटॅलोसेरा’ (शृंगिकेवर तीन पाकळ्या असलेली) ही नावे एकेका धर्माचे चित्र उभे करतात. पण चित्रमय नावाचाही धोका आहे : धर्म चुकीचा ठरला तरी नाव राहते. कुलाच्या नावानेही बराच प्रवास केला. टेटिजिडी, ॲक्रिडिइनी, टेट्रिजिडी अशा रूपांतून तो गेला, आणि त्यातील पहिले रूप टेटिगोनिडी या गाणाऱ्या नाकतोड्यांच्या कुलाच्या नावाशी एका अक्षरगटाने निराळे आहे. जुनी सूची वाचणाराने हा भेद डोळ्यांआड केला, तर एका कुलाची माहिती दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

मराठीत या विषयाचे लेखन व्हावयाचे असेल, तर नावांच्या आधी अवयवांच्या संज्ञा स्थिर झाल्या पाहिजेत. एका पुस्तकात ‘शृंगिका’, दुसऱ्यात ‘स्पर्शिका’, तिसऱ्यात ‘मिशा’ असे घडले, की तीन लेखकांची तीन लक्षणे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. संस्कृत संज्ञेचा आग्रह धरावा की बोलीतील शब्द घ्यावा, हा प्रश्न दुय्यम आहे. एका अवयवास एकच शब्द आणि एका शब्दास एकच अवयव, हा नियम मुख्य. लक्षणात ‘लांब’ म्हणावयाचे तर कशाहून लांब, ‘रुंद’ म्हणावयाचे तर कोणत्या अवयवाशी तुलना करून रुंद, हे त्याच वाक्यात सांगितले गेले पाहिजे.

७

या चर्चेचा व्यावहारिक निष्कर्ष पेढीकाठच्या त्या विद्यार्थ्यासाठी पुढीलप्रमाणे सांगता येईल. त्याने प्रथम पावलांचे खंड मोजून आणि पृष्ठकवच पाहून कुल निश्चित करावे. नंतर बाजूच्या पाळीवरील खाचा पाहून पिल्लू व प्रौढ वेगळे करावेत. मग पुढच्या मांडीची खोबण व शृंगिकांचे खंड पाहावेत. त्यानंतरच पाळीचा आकार, डोळ्यांमधील कपाळपट्टीची रुंदी, चेहऱ्यावरील कणा, मांड्यांच्या कडा आणि मागच्या पावलाखालील गाद्या यांकडे वळावे. पृष्ठकवचाची लांबी व रंग यांची नोंद अवश्य ठेवावी; पण निर्णय त्यांवर सोपवू नये. आणि एकच नमुना घेऊन कधीही थांबू नये. एकाच काठावरून अनेक व्यक्ती पाहिल्या, म्हणजे जातीच्या आतील वैचित्र्य आणि जातींमधील भेद आपोआप निराळे पडू लागतात.

हा क्रम ठरविण्यात जी दृष्टी आहे, तिचे मोल एका कीटककुलापुरते मर्यादित नाही. चुकीच्या लक्षणावरून जाती वाढल्या, तर नसलेल्या दुर्मीळ जातींची चिंता वाहिली जाते. चुकीच्या लक्षणावरून त्या कमी झाल्या, तर असलेली जात नाव मिळण्यापूर्वीच तिच्या ओल्या काठाबरोबर नाहीशी होऊ शकते. बोलींच्या बाबतीतही हेच घडते. नदीकाठची ओल सुकते तशी गावची बोलीही विरळ होत जाते, आणि नोंद नसलेल्या वस्तूचा नाश कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून लक्षण करणाराने आपल्या शब्दांची जबाबदारी ओळखली पाहिजे. ज्या धर्माने वस्तू ओळखू आली, त्याच धर्माने ती घडली आहे असे मानण्याची घाई न करणे, ही त्या जबाबदारीची पहिली पायरी होय.